मसाल्याचा डबा आणि भडंगाचं पाकीट: बिल्डमधले कॅशे व आर्टिफॅक्ट

गेल्या पावसाळ्यात मिरजेतल्या एका डीटीपीवाल्या काकांचा फोन आला. "अहो, तुमची नवी आवृत्ती घेतली, तरी दऱ्याखोऱ्यांचं अजून दर्याखोर्याच होतंय की!"

आमचं एक छोटं मुक्तस्रोत टूल आहे. जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मराठी मजकूर ते युनिकोडमध्ये आणतं. त्यात 'ऱ्य' चुकत होता. म्हणजे डोंगरातल्या दऱ्या थेट समुद्राला मिळायच्या, आणि लग्नातल्या आचाऱ्याचे पैसे आचार्यांच्या नावावर पडायचे. ही चूक मी दोन आठवड्यांपूर्वी दुरुस्त केली होती, तिच्यासाठी वेगळी चाचणी लिहिली होती आणि सगळं हिरवं, म्हणजे पास, दिसल्यावरच आवृत्ती काढली होती. काकांनी उतरवून घेतलेली आवृत्तीही तीच. तरी दर्या ती दर्याच.

शोधायला एक रविवार गेला. दुरुस्ती कोडमध्ये होती, चाचणीत होती. लोकांना दिलेल्या झिपमध्ये मात्र नव्हती. कारण जी वस्तू आर्टिफॅक्ट म्हणून ठेवायची, ती मी कॅशेमध्ये ठेवली होती. (बोलताना सगळे 'कॅश' म्हणतात, पण लिहिताना रोख रकमेची शंका नको म्हणून मी 'कॅशे' लिहितो.)

हा घोळ होण्यात नवल नाही. गिटहब ॲक्शन्समध्ये (गिटहबवर ठेवलेल्या कोडच्या चाचण्या आणि बिल्ड, म्हणजे कोडपासून तयार प्रोग्रॅम बनवणं, आपोआप चालवणारी सोय) दोन्ही गोष्टी दिसतात जुळ्या बहिणींसारख्या. वर्कफ्लोच्या, म्हणजे कामाच्या पायऱ्या सांगणाऱ्या, फाइलमध्ये चार-पाच ओळी लिहायच्या, एक नाव द्यायचं, एक फोल्डर दाखवायचं, की फाइली कुठंतरी जपल्या जातात. आणि जपाव्या लागतातच. गिटहब जो रनर, म्हणजे काम चालवायचं यंत्र, देतं, तो प्रत्येक जॉबसाठी, म्हणजे कामाच्या प्रत्येक तुकड्यासाठी, कोरा असतो. जॉब संपला की ते यंत्र गेलं, त्यावरचं सगळं गेलं. मग जे टिकवायचं ते दोन कपाटांपैकी एकात टाकायचं, एवढंच नव्या माणसाला कळतं. कुठल्या कपाटात, हे सहसा आधी चुकल्यावर कळतं.

आमच्याकडे सांगलीला विश्रामबागेत रविवारी येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना मी हे भडंगावरून सांगतो, कारण समोर वाटीत तेच असतं. भडंग करणाऱ्याकडे लसूण-तिखटाचा मसाला डब्यात तयार असतो. ऑर्डर आली की नव्यानं कुटत बसायचं नाही. पण डबा सांडला तर धंदा बुडत नाही. पुन्हा कुटायचा, अर्धा तास जास्त. हा कॅशे. चुरमुऱ्यांना मसाला लावून, पाकिटात भरून, त्यावर आजची तारीख आणि घाणा नंबर टाकला, की ते आर्टिफॅक्ट. गिऱ्हाईक आजच्या घाण्याचं पाकीट मागत असेल तर कालचं देऊन चालत नाही, आणि पाकीटच हरवलं तर "थांबा, दुसरं कुठलंतरी देतो" असंही म्हणता येत नाही.

त्या पोरांतल्या एकानं विचारलं, "पण दादा, दोन्ही फाइलीच की. फरक नेमका कुठं?"

फरक पत्त्यात आहे. कॅशे किल्लीनं सापडतो, आणि ती किल्ली कच्च्या मालावरून बनते: ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव, त्याला जोडून लॉकफाइलचा हॅश. (लॉकफाइल म्हणजे बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्यांची आवृत्त्यांसकट यादी; हॅश म्हणजे मजकूर बदलला की बदलणारा त्याचा ठसा.) लॉकफाइल तीच असेल तर किल्ली तीच, मग तो कॅशे कुणाच्या कुठल्या रनमध्ये (वर्कफ्लोच्या फेरीत) भरला गेला, याचं कुणाला सोयरसुतक नसतं. अगदी तीच किल्ली नाही मिळाली, तर जवळपासची चालते का, हेही सांगता येतं. सुरुवातीची अक्षरं जुळणारा सगळ्यात ताजा कॅशे मग उचलला जातो. लायब्रऱ्यांसाठी हे उत्तम, कारण कमी पडतील त्या दोन-चार लायब्रऱ्या पॅकेज मॅनेजर आणून घेतो. आर्टिफॅक्टचा पत्ता म्हणजे तो रन. या कमिटवर (कोडच्या या नोंदीवर) या रननं बनवलेली ही वस्तू. 'जवळपासचं' हा शब्द तिथं नाही.

आता माझं पाप. फॉन्टांच्या अक्षरतक्त्यांपासून एक संकलित फाइल बनते. त्याला वेळ लागायचा, म्हणून मी ती फाइल कॅशेमध्ये टाकली आणि किल्लीत लॉकफाइलचा हॅश घेतला. पुढं अट घातली, की कॅशे सापडला तर संकलनाची पायरी गाळ. 'ऱ्य'ची दुरुस्ती झाली अक्षरतक्त्यात. लॉकफाइल जशीच्या तशी. किल्ली बदलली नाही, रिलीजच्या जॉबला जुनी फाइल मिळाली आणि त्यानं इमानेइतबारे तीच झिपमध्ये भरली. चाचणीचा जॉब मात्र स्वतः मुळापासून संकलन करत होता, म्हणून हिरवा. तपासलं एक, लोकांना दिलं दुसरं.

वर आणखी गंमत म्हणजे एकदा एका किल्लीनं भरलेला कॅशे बदलत नाही. त्याच किल्लीवर नवा माल ठेवायला गेलं तर ठेवला जात नाही, आणि जॉब त्यावरून लालही होत नाही. म्हणून "पुढच्या वेळी आपोआप ताजा होईल" ही माझी आशा खोटी होती.

किल्लीत अक्षरतक्त्यांचा हॅश घेतला असता तर हे टळलं असतं, असं कुणी म्हणेल. या वेळी टळलं असतं, खरं. पण उद्या कंपायलरची, म्हणजे संकलन करणाऱ्या प्रोग्रॅमची, आवृत्ती बदलेल, परवा त्याचं एखादं फ्लॅग (सेटिंग), आणि त्यातलं किल्लीत काय घ्यायचं राहिलं हे पुन्हा काकांच्या फोनवरूनच कळेल. मी आता एकच प्रश्न विचारतो: हे आत्ता गायब झालं तर काय होईल? नुसता वेळ जाणार असेल तर कॅशे. काम अडणार असेल किंवा चुकीचा माल बाहेर जाणार असेल तर आर्टिफॅक्ट. आणि कॅशे गायब होतोच. सात दिवस कुणी हात लावला नाही तर तो काढून टाकला जातो. एका रिपोला (प्रकल्पाच्या कोडच्या कोठाराला) १० जीबी फुकट, ते भरले की बराच काळ न वापरलेले आधी जातात. आर्टिफॅक्ट, तुम्ही काही सांगितलं नाही तर, ९० दिवस राहतं.

कॅशेबद्दल पोरं हमखास विचारतात ती आणखी एक गोष्ट: "माझ्या ब्रँचमध्ये भरला, तर त्याच्या ब्रँचला का नाही मिळत?" ब्रँच म्हणजे कोडची वेगळी फांदी, मेन ही मुख्य. थोरल्या घरचं धाकट्यांना मिळतं, चुलत भावाचं चुलत भावाला मिळत नाही. मेन ब्रँचवर भरलेला कॅशे सगळ्या ब्रँचना आणि पुल रिक्वेस्टना ('माझा बदल मेनमध्ये घ्या' अशा विनंत्यांना) दिसतो. पुल रिक्वेस्टमध्ये भरलेला त्या पुल रिक्वेस्टपुरताच. म्हणून मेनवर बिल्ड चालतच नसेल आणि फक्त पुल रिक्वेस्टवर चालत असेल, तर प्रत्येक नव्या माणसाला डबा रिकामाच सापडतो. आणि नोड (जावास्क्रिप्ट चालवायचं साधन) वापरणाऱ्यांनी नोड मॉड्यूल्सचं, म्हणजे बसवलेल्या लायब्रऱ्यांचं, आख्खं फोल्डर कॅशे करून वर एनपीएम सीआय (त्या लायब्रऱ्या नव्यानं बसवणारी कमांड) चालवू नये. ती कमांड पहिलं काम करते ते तेच फोल्डर उडवण्याचं. एनपीएमचं स्वतःचं कॅशे-फोल्डर जपावं.

आर्टिफॅक्टच्या खोड्या वेगळ्या. डिसेंबर २०२३ मध्ये अपलोडच्या ॲक्शनची (आर्टिफॅक्ट चढवणाऱ्या तयार पायरीची) चौथी आवृत्ती आली आणि तिसरी जानेवारी २०२५ अखेर बंद झाली. आधी लिनक्स, विंडोज, मॅक असे तीन जॉब एकाच नावाखाली माल टाकायचे आणि तो एकत्र व्हायचा. चौथीत एक नाव म्हणजे एकच पाकीट. दुसऱ्यानं त्याच नावानं टाकायला गेलं की जॉब लाल. म्हणून नावाला सिस्टिमचं शेपूट लावायचं आणि उतरवताना सगळी एकत्र करायची. मला हा बदल तेव्हा जाचक वाटला होता. आता वाटतं, बरं झालं. कुणाच्या फाइलवर कुणाची फाइल बसली हे शोधण्यात मी आधी पुष्कळ रात्री घालवल्यात. दुसरी खोडी अशी, की फाइल चालवण्याची परवानगी आर्टिफॅक्टच्या प्रवासात गळून पडते. लिनक्सवरचं प्रोग्रॅम पुढच्या जॉबमध्ये उतरवलं की 'परवानगी नाही' म्हणून अडतं. टारमध्ये (परवानग्यांसकट बांधणाऱ्या गठ्ठ्यात) बांधून पाठवा, नाहीतर उतरवल्यावर परवानगी पुन्हा द्या. टिंबानं सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलीही आता सांगितल्याशिवाय आत घेतल्या जात नाहीत. गुपितं चुकून बाहेर जायची, त्यावरचा तो उपाय.

मग लोकांना द्यायची झिप आर्टिफॅक्टमध्येच ठेवावी का? नको. सार्वजनिक रिपोचं असलं तरी आर्टिफॅक्ट उतरवायला गिटहबचं खातं लागतं. ते काकांकडे नाही आणि त्यांनी काढावं अशी माझी अपेक्षाही नाही. शिवाय ९० दिवसांनी ते जातं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती तशी, वर्षानुवर्षं माल ठेवायची सोय वेगळी लागते. जमिनीखाली खोल, तोंड बंद, कीड नाही. ती सोय म्हणजे रिलीज: आर्टिफॅक्ट तपासून झालं की तीच फाइल रिलीजला जोडायची, आपण काढेपर्यंत ती तिथं राहते. (ती पेवंही २००५ च्या महापुरात बरीच निकामी झाली. म्हणून जुन्या आवृत्त्यांची एक प्रत मी घरच्या हार्डडिस्कवरही ठेवतो.)

कॅशेमधून रिलीज बनवण्यात माझ्यासारखा गाफीलपणा हाच एकटा धोका नाही. डिसेंबर २०२४ मध्ये पायथनच्या अल्ट्रालिटिक्स या गाजलेल्या पॅकेजच्या बिल्डमध्ये हल्लेखोर शिरला. पुल रिक्वेस्टच्या ब्रँचच्या नावातच त्यानं शेलची कमांड दडवली होती. वर्कफ्लोनं ते नाव जसंच्या तसं चालवलं, तेवढ्यात त्यानं कॅशेमध्ये विषारी माल भरला आणि प्रकाशनाच्या वर्कफ्लोनं तो आपलाच समजून उचलला. ८.३.४१ आणि ८.३.४२ या आवृत्त्या पायपीआयवर (पायथनची पॅकेजं जिथून मिळतात तिथं) गेल्या त्या पोटात कूटचलन खणणारं प्रोग्रॅम घेऊन. ती पुल रिक्वेस्ट मेनच्या अधिकारानं चालत होती, म्हणून वर सांगितलेलं थोरल्या-धाकट्या घराचं कुंपण तिथं उपयोगी पडलं नाही. काकांच्या त्या फोननंतर आमच्या रिलीजच्या जॉबमध्ये कॅशे नाहीच. चार मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

गिटहबसारखीच सेवा देणारे गिटलॅबवालेही हेच दोन शब्द वापरतात आणि भेदही जवळपास हाच, फक्त तिथं आर्टिफॅक्ट एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात आपसूक जातं आणि गिटलॅबच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्याची मुदत मुळात ३० दिवसांची आहे. गिटहबवर उतरवायची पायरी हातानं लिहावी लागते.

आमची वाट आता अशी आहे: एक जॉब एकदाच संकलन करतो, अक्षरतक्त्याची फाइल आर्टिफॅक्ट म्हणून ठेवतो. चाचणीचा जॉब स्वतः काही बनवत नाही, तीच उतरवतो आणि तपासतो. रिलीजचा जॉबही तीच उतरवून झिप करतो, आणि झिप केल्यावर ती उघडून त्यातल्या फाइलवर 'दऱ्याखोऱ्यांतून' हा एक शब्द चालवून बघतो. ही शेवटची पायरी त्या पोरानं सुचवली. मला ती आधी उगाच वाटली होती.

नवी आवृत्ती काढून काकांना फोन केला. त्यांनी तिथल्या तिथं एक जुनी लग्नपत्रिका टाकून पाहिली. म्हणाले, "आचाऱ्याचं झालं बघा. आता त्या 'र' खालच्या उकाराचं काय करताय?"