फीडबॅकमध्ये रेझिस्टरऐवजी ट्रान्झिस्टर का?

आमचा लॉग ॲम्प्लिफायर (करंटच्या लॉगरिदमच्या प्रमाणात व्होल्टेज देणारा) बोर्ड पाहिला की अनेकांना पडणारा हा प्रश्न.

तुमचा प्रकाश मोजणारा सेन्सर अंधारात १ नॅनोॲम्पिअर देतो आणि भर उजेडात १ मिलिॲम्पिअर, असं धरू. म्हणजे दहा लाख पट फरक. ऑप-ॲम्प या ॲम्प्लिफायर चिपच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या मार्गात, १० किलोओहमचा रेझिस्टर लावला तर उजेडात १० व्होल्ट मिळतात, पण अंधारात जेमतेम १० मायक्रोव्होल्ट. ते ऑप-ॲम्पच्या ऑफसेटमध्येच (त्याच्या स्वतःच्या छोट्या व्होल्टेज-चुकीत) बुडून जातात. गेन वाढवावा, तर उजेडात आउटपुट सप्लायला जाऊन टेकतं.

ट्रान्झिस्टरचं वागणं वेगळं. करंट दहापट झाला की त्याचं व्होल्टेज फक्त ६० मिलिव्होल्टच्या आसपास वाढतं. त्यामुळे सगळी रेंज सुमारे ३६० मिलिव्होल्टमध्ये मावते. पुढची स्टेज ते वाढवून प्रत्येक दहापटीला १ व्होल्ट देते. अंधारातला बदलही उजेडातल्याइतकाच स्पष्ट वाचता येतो, आणि रेंज बदलायचा स्विच लागत नाही.

याची किंमत तापमानात मोजावी लागते. खोलीच्या तापमानाला ते ६० मिलिव्होल्ट दर अंशाला साधारण ०.३३ टक्क्यांनी सरकतात. शिवाय ट्रान्झिस्टरचा लीकेज (आत झिरपणारा सूक्ष्म करंट) हाही बदलतो. लीकेजचा परिणाम काढून टाकायला आम्ही जुळ्या ट्रान्झिस्टरची जोडी वापरतो आणि दहापटीमागच्या ६० मिलिव्होल्टमधला उरलेला बदल तापमानाबरोबर बदलणाऱ्या रेझिस्टरने सावरतो. तरीही बोर्ड हीटसिंकला किंवा ट्रान्सफॉर्मरला खेटून बसवू नका. जोडीतला एक ट्रान्झिस्टर दुसऱ्यापेक्षा गरम झाला की सगळी जुळणी वाया जाते.

वेगाबद्दल मात्र नीट समजून घ्या, कारण ‘बोर्ड मंद आहे’ असं बहुतेक वेळा इथेच वाटतं. १ मिलिॲम्पिअरला ट्रान्झिस्टरचा अंतर्गत रोध २६ ओहम, १ नॅनोॲम्पिअरला तोच २६ मेगाओहम. फीडबॅकचा लूप ऑसिलेट होऊ नये (आउटपुट आपोआप वर-खाली होत राहू नये) म्हणून समांतर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर त्या टोकाला टाइम कॉन्स्टंट (आउटपुट स्थिरावायला लागणाऱ्या वेळेचं माप) २.६ मिलिसेकंद होतो. अंधारातलं रीडिंग घेण्याआधी निदान १५ मिलिसेकंद थांबा.

शून्याचा लॉग नसतो. करंट शून्य किंवा उलटा झाला तर लूप तुटतो आणि आउटपुट सप्लायपाशी अडकतं; बोर्ड बिघडलेला नसतो. सेन्सरची दिशा तपासा.

ऑर्डर देताना सर्वांत कमी करंट किती आणि तिथे बदल किती वेगाने होतो, एवढं जरूर कळवा. कपॅसिटर त्यावरूनच ठरवतो.