अमेरिकी सैन्यदलांतील वर्णविभाजनाचा अंत

गोऱ्या व कृष्णवर्णीय सैनिकांच्या वेगवेगळ्या तुकड्या मोडून त्यांना एकत्र नेमण्याची प्रक्रिया. तिचा आरंभ राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या २६ जुलै १९४८ च्या ९९८१ क्रमांकाच्या आदेशापासून धरण्याचा प्रघात आहे. तथापि या आदेशात ‘विभाजन’ हा शब्द नाही. वागणूक व संधी समान असावी, एवढेच म्हटले आहे आणि मुदतही घातलेली नाही. ‘वेगळे पण समान’ हे त्यात बसते, असा सोयीचा अर्थ भूसेनेने लावला. हवाई दलाने मात्र १९४९ मध्येच ३३२ वी फायटर विंग ही कृष्णवर्णीयांची वेगळी तुकडी मोडून तिच्यातील माणसे इतरत्र नेमली.

एक प्रयोग त्याआधीच झाला होता. १९४५ च्या आरंभी युरोपात पायदळाला माणसे कमी पडली, तेव्हा सुमारे २,२०० कृष्णवर्णीय स्वयंसेवक निवडण्यात आले. त्यांच्या हुकमाखाली गोरे शिपाई येऊ नयेत म्हणून सार्जंटांनाही फिती उतरवून साधे शिपाई व्हावे लागले. सरमिसळ माणसामाणसांची नव्हती. गोऱ्या कंपन्यांना कृष्णवर्णीयांच्या अख्ख्या प्लॅटून (कंपनीहून लहान तुकड्या) जोडल्या गेल्या. पुढे झालेल्या पाहणीत गोऱ्या अधिकाऱ्यांची मते अनुकूल निघाली, पण युद्धखात्याने अहवाल दडवला. लढाई संपल्यावर यांपैकी अनेकांची पुन्हा वेगळ्या तुकड्यांत रवानगी झाली.

विभाजन नेमके कशाने संपले, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक आदेशाला व त्यामागील कृष्णवर्णीय कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या चळवळीला श्रेय देतात, तर काही कोरियातील युद्धात (१९५०–५३) भासलेल्या मनुष्यबळाच्या टंचाईला. दुसरे मत घटनाक्रमाशी अधिक जुळते. मात्र आदेशानुसार नेमलेल्या फाही समितीच्या आग्रहाने १९५० मध्ये भूसेनेतील कृष्णवर्णीयांच्या भरतीवरील १० टक्क्यांची मर्यादा उठली नसती, तर ती टंचाई भागली नसती. मर्यादा उठताच कृष्णवर्णीय तुकड्यांत माणसे जादा झाली आणि गोऱ्या कंपन्यांतील जागा रिकाम्याच राहिल्या. काही सेनाधिकाऱ्यांनी परवानगीची वाट न पाहता त्या भरल्या. १ ऑक्टोबर १९५१ रोजी २४ वी इन्फंट्री ही कृष्णवर्णीयांची रेजिमेंट बरखास्त झाली. अखेरची वेगळी तुकडी १९५४ मध्ये मोडल्याचे मानतात.

छावणीच्या फाटकाबाहेर, विशेषतः दक्षिणेत, भेदभाव चालूच राहिला. त्याबाबतचा संरक्षण खात्याचा निर्देश २६ जुलै १९६३ चा आहे.

सेंट लुईस येथील अभिलेखागाराच्या १९७३ मधील आगीत १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूसैनिकांच्या सुमारे ८० टक्के सेवानोंदी जळाल्या. त्यामुळे सामान्य शिपायाच्या अनुभवासाठी मौखिक साक्षींवरच बरीच भिस्त ठेवावी लागते.