मेजर लीग गेमिंगचे ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डकडून अधिग्रहण

मेजर लीग गेमिंग (एमएलजी) या न्यूयॉर्कच्या ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) आयोजक कंपनीची जवळजवळ सर्व मालमत्ता अमेरिकेतीलच ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड या व्हिडिओ गेम प्रकाशक कंपनीने विकत घेतल्याचा व्यवहार. एमएलजीच्या संचालक मंडळाने डिसेंबर २०१५ मध्ये त्याला मंजुरी दिली आणि ४ जानेवारी २०१६ रोजी ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डने तो जाहीर केला. अधिकृत निवेदनात किंमत दिलेली नव्हती. मात्र भागधारकांना गेलेल्या पत्राच्या आधारे ती ४ कोटी ६० लाख डॉलर असल्याची बातमी घोषणेआधीच फुटली होती. कॉल ऑफ ड्यूटी, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आणि स्टारक्राफ्ट यांसारख्या खेळांच्या मालकाला ही रक्कम किरकोळच होती. दोनच महिन्यांपूर्वी कँडी क्रश बनवणाऱ्या किंग या कंपनीसाठी ५९० कोटी डॉलर मोजण्याचा निर्णय तिने जाहीर केला होता. व्यवहार लहान असला तरी एका गोष्टीमुळे तो लक्षात राहतो : एखाद्या प्रकाशकाने अमेरिकेतील जुन्या आणि नावाजलेल्या स्वतंत्र आयोजकालाच आपल्या घरात घेतले, आणि स्पर्धा भरवणारा व खेळाचा मालक यांच्यातील अंतर मिटले.

खेळाची मालकी : फुटबॉल किंवा बुद्धिबळ हे खेळ कोणाच्या मालकीचे नाहीत. मैदान, संघ व प्रक्षेपणाचे हक्क विकता येतात, पण खेळ विकता येत नाही. व्हिडिओ गेमचे तसे नाही. त्यातील प्रत्येक चित्र, आवाज आणि नियम चालवणारी आज्ञावली यांवर प्रकाशकाचा स्वामित्वहक्क असतो. त्यामुळे पैसे घेऊन स्पर्धा भरवणे किंवा ती पडद्यावर दाखवणे यासाठी त्याची परवानगी लागते. सुरुवातीच्या काळात प्रकाशक याकडे कानाडोळा करत. स्पर्धांतून फुकट जाहिरात होते, मग अडवायचे कशाला, असा त्यांचा हिशेब होता. हा भोळेपणा मुळीच नव्हता. खेळाच्या प्रती विकल्या जात होत्या तोवर स्पर्धेतून मिळणारे चार पैसे त्यांच्या खिजगणतीत नव्हते, इतकेच.

दक्षिण कोरियात हा प्रश्न सर्वांत आधी पेटला. तिथे स्टारक्राफ्टचे सामने खास दूरचित्रवाहिन्यांवर चालत आणि त्यांच्या प्रक्षेपण हक्कांचा व्यवहार तिथली ई-स्पोर्ट्स संघटना केस्पा करत असे. हक्क आमचे असताना तुम्ही ते विकता कसे, असा ब्लिझर्डचा (स्टारक्राफ्ट बनवणाऱ्या, ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डमधील कंपनीचा) सवाल होता. २०१० मध्ये तिने केस्पाशी बोलणी तोडून कोरियातील स्पर्धा व प्रक्षेपणाचे हक्क गॉमटीव्ही या तिथल्या इंटरनेट प्रक्षेपण कंपनीला दिले. प्रकरण कोर्टात गेले आणि मे २०११ मध्ये तडजोड झाली. २०१३ मध्ये निन्टेंडोने अमेरिकेतील ईव्हो या स्पर्धेला सुपर स्मॅश ब्रदर्स मेलीचे प्रक्षेपण करण्यास आधी मनाई केली आणि खेळाडूंच्या संतापानंतर काही तासांतच माघार घेतली. मनाई मागे घेतली गेली, पण ती करण्याचा अधिकार कोणाचा आहे हे सर्वांना कळले. स्वतंत्र आयोजकाचा धंदा म्हणजे दुसऱ्याच्या शेतात खणलेली विहीर.

उदय : सनडान्स डिजिओव्हानी आणि माइक सेप्सो यांनी २००२ मध्ये एमएलजीची स्थापना केली. संगणकावरील खेळांच्या स्पर्धा तेव्हा सायबरॲथलीट प्रोफेशनल लीगसारख्या संस्था भरवत होत्या. एमएलजीने कन्सोलवरचे (दूरचित्रवाणीला जोडायच्या खेळयंत्रावरचे) खेळ, विशेषतः हेलो, हाताशी धरले. शहरोशहरी फिरणारा प्रो सर्किट आणि कोणत्याही संघाला प्रवेशशुल्क भरून उतरता येईल असा खुला गट ही तिची खासियत होती. गावातल्या चार मित्रांचा संघ नामांकित व्यावसायिकांसमोर बसू शकत होता. ठरावीक संघांनाच जागा देणाऱ्या आजच्या बंदिस्त लीगच्या काळात त्याचे अप्रूप अधिकच वाटते. २००६ मध्ये हेलो २ चे सामने यूएसए नेटवर्क या दूरचित्रवाहिनीवर दाखवले गेले, त्याच वर्षी ओक इन्व्हेस्टमेंट पार्टनर्सकडून अडीच कोटी डॉलरची गुंतवणूक आली, आणि गेमबॅटल्स हे घरबसल्या सामने जुळवणारे संकेतस्थळही कंपनीने पंखाखाली घेतले. बूस्ट मोबाइल आणि डॉक्टर पेपर यांच्यासारखे खेळाबाहेरचे प्रायोजक तिने मिळवले, हे त्या काळात सोपे नव्हते.

२०१० नंतर स्टारक्राफ्ट २ आणि लीग ऑफ लेजंड्स यांनी प्रेक्षकसंख्या वाढवली. कोलंबस, डॅलस, अनाहाइम, रॅली, प्रॉव्हिडन्स येथील स्पर्धा इंटरनेटवरून जगभर पाहिल्या जाऊ लागल्या आणि कोरियातील खेळाडू त्यांसाठी अमेरिकेत येऊ लागले. बाहेरून पाहणाऱ्याला कंपनी भरभराटीला आली असेच वाटले असते.

घसरण : मोठ्या स्पर्धेचा खर्च आधी होतो आणि उत्पन्न मागाहून येते, आलेच तर. सभागृहाचे भाडे, शेकडो यंत्रे, त्यांना जोडणारे जाळे, पंच, समालोचक, कॅमेरे, बक्षिसे हे सारे तिकिटे विकली गेली नाहीत तरी द्यावेच लागते. प्रक्षेपण फुकट पाहण्याची सवय प्रेक्षकांना लागलेली होती. २०१२ मध्ये एमएलजीने काही स्पर्धा पैसे भरून पाहण्याचा प्रयोग केला, त्यावर नाराजीच अधिक उमटली. उरले प्रायोजक, आणि त्यांची वर्षाची तरतूद आखडली की आयोजकाचे वर्ष आखडे. या धंद्यात एमएलजी एकटीच अडचणीत आली असे नाही. सायबरॲथलीट प्रोफेशनल लीगचा कारभार २००८ मध्ये थांबला, डायरेक्टव्हीच्या पाठबळावर उभी राहिलेली चॅम्पियनशिप गेमिंग सिरीज दोन हंगामांत त्याच वर्षी संपली, आणि सॅमसंगच्या आधाराने चाललेल्या वर्ल्ड सायबर गेम्सची २०१४ मध्ये अखेर झाली.

एमएलजीच्या पायाखालची जमीन मात्र खुद्द प्रकाशकांनी सरकवली. रायट गेम्सने २०१३ मध्ये लीग ऑफ लेजंड्सची स्वतःची लीग सुरू केली, त्यामुळे त्या खेळाचे आघाडीचे संघ बाहेरच्या आयोजकांना पूर्वीसारखे मिळेनासे झाले. त्याच वर्षी ब्लिझर्डने स्टारक्राफ्ट २ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप सिरीज नव्या रचनेत बांधली. तिचा अमेरिकेतील पहिला हंगाम एमएलजीकडे होता, पण वेळापत्रक व नियम आता ब्लिझर्डचे होते. ज्या खेळांनी कंपनीला प्रेक्षक दिले होते ते एकेक करून मालकाच्या अंगणात परत गेले आणि एमएलजी मुख्यतः कॉल ऑफ ड्यूटीवर विसंबून राहिली. म्हणजे तिचा उरलेला मोठा आधारही शेवटी ॲक्टिव्हिजनच्याच मालकीचा होता. पुढे जे घडले त्याचे बीज इथेच आहे.

यातून सुटण्यासाठी कंपनीने दोन महागडे डाव टाकले. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिने एमएलजी.टीव्ही ही स्वतःची स्ट्रीमिंग सेवा सुरू केली आणि मॅट हाग (नेडशॉट) याच्यासारख्या लोकप्रिय कॉल ऑफ ड्यूटी खेळाडूंना करारबद्ध केले. प्रेक्षक ज्या ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर आधीच जमलेले होते तिथून त्यांना उठवून दुसरीकडे नेणे हे मुळातच अवघड काम, त्यात ॲमेझॉनने ऑगस्ट २०१४ मध्ये ट्विचसाठी ९७ कोटी डॉलर मोजायची तयारी दाखवली. दुसरा डाव होता ऑक्टोबर २०१४ मध्ये ओहायो राज्यातील कोलंबस इथे उघडलेले स्वतःचे क्रीडागृह. चीनमधील हेंगचिन बेटावर आणखी एक भव्य क्रीडागृह उभारण्याची योजनाही जाहीर झाली होती. कर्ज वाढत असताना अशा घोषणा करणाऱ्या कंपन्यांबद्दल वाचकाने सावध राहावे हे बरे.

व्यवहार : ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डने ऑक्टोबर २०१५ मध्ये ई-स्पोर्ट्सचा वेगळा विभाग स्थापन केला. त्याच्या प्रमुखपदी ईएसपीएन आणि एनएफएल नेटवर्क या क्रीडावाहिन्यांचे माजी प्रमुख स्टीव्ह बॉर्नस्टीन यांना आणले आणि त्यांच्या जोडीला एमएलजीचे सहसंस्थापक सेप्सो यांना घेतले. विकत घ्यायच्या कंपनीचा एक संस्थापक आधीच खरेदीदाराच्या बाजूला बसला होता, ही बाब तेव्हा अनेकांच्या नजरेतून सुटली नाही.

खरेदी झाली ती मालमत्तेची. कंपनीचे भाग घेतले गेले नाहीत. अडचणीतील कंपनी घेताना हा मार्ग निवडण्याचे कारण सरळ आहे : खरेदीदाराला हवे ते घेता येते (नाव, तंत्रज्ञान, चित्रीकरणाची यंत्रणा, अनुभवी माणसे) आणि जुनी देणी विक्रेत्याच्या गळ्यात राहतात. मिळालेल्या पैशातून आधी कर्ज फेडले जाते, मग अग्रहक्क भागधारकांचा क्रम लागतो, आणि साधे भागधारक सर्वांत शेवटी. बातम्यांनुसार ४ कोटी ६० लाखांतला बराचसा भाग देण्यांतच जाणार होता आणि रांगेत मागे असलेल्या भागधारकांच्या पदरी काहीही पडणार नव्हते. त्यांत कंपनीच्या सुरुवातीच्या दिवसांत पैसे घातलेले लोकही होते. डिजिओव्हानी यांच्या जागी मुख्य वित्त अधिकारी ग्रेग चिझम हे प्रमुख झाले. ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डचे मुख्य कार्यकारी अधिकारी बॉबी कोटिक यांनी घोषणेच्या वेळी ई-स्पोर्ट्ससाठी ईएसपीएनसारखी वाहिनी उभी करण्याचा मनोदय व्यक्त केला.

खरेदीनंतर : ताबा बदलल्यावर पहिली मोठी स्पर्धा झाली ती, गंमत म्हणजे, प्रतिस्पर्धी प्रकाशक व्हॉल्व्हच्या खेळाची. काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्हची ‘एमएलजी कोलंबस २०१६’ ही मेजर (या खेळातील सर्वांत मानाची) स्पर्धा २९ मार्च ते ३ एप्रिल २०१६ या काळात झाली. दहा लाख डॉलरची बक्षिसे असलेली ती या खेळाची पहिली मेजर, आणि उत्तर अमेरिकेतीलही पहिलीच. ब्राझीलच्या लुमिनोसिटी गेमिंगने अंतिम सामन्यात नातुस विन्सेरेला हरवले. उपांत्य फेरीत मिराज या नकाशावर लुमिनोसिटीच्या कोल्डझेराने उडी मारता मारता केलेला नेम इतका गाजला की व्हॉल्व्हने त्याची आठवण म्हणून खेळातील त्या जागी भिंतीवर चित्र रंगवले. एमएलजीच्या लोकांना स्पर्धा सजवता येते याचा हा उत्तम दाखला होता. पण एमएलजीकडे दुसरी मेजर आली नाही. पुढची सारी शक्ती नव्या मालकाच्या खेळांसाठी वापरली गेली.

त्या शक्तीचे फळ म्हणजे ब्लिझर्डच्या ओव्हरवॉच या खेळाची ओव्हरवॉच लीग. नोव्हेंबर २०१६ मध्ये घोषणा आणि जानेवारी २०१८ मध्ये १२ संघांसह पहिला हंगाम, असा तिचा प्रवास झाला. अमेरिकी क्रीडा लीगच्या धर्तीवर प्रत्येक संघ एका शहराशी जोडला होता आणि एका जागेची किंमत सुमारे दोन कोटी डॉलर असल्याचे सांगितले जात होते. ट्विचने दोन वर्षांच्या प्रक्षेपणासाठी किमान नऊ कोटी डॉलर दिल्याचे वृत्त आले. हीच ट्विच, जिच्याशी एमएलजी.टीव्हीने टक्कर घेतली होती. २०२० मध्ये कॉल ऑफ ड्यूटी लीगही त्याच साच्यात ओतली गेली. एमएलजीचे नाव या सगळ्यात हळूहळू मागे पडले. खुल्या गटाची तिची परंपरा तर त्याआधीच दुय्यम झाली होती.

मालकी एकवटल्याचे परिणाम पुढे न्यायालयापर्यंत पोहोचले. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने या दोन्ही लीगमधील एका नियमाला हरकत घेतली : खेळाडूंच्या पगाराचा एकूण आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की संघाला दंड भरावा लागे, आणि त्यामुळे पगार दाबले जातात असे विभागाचे म्हणणे होते. तो नियम आधीच थांबवला होता; कंपनीने तो पुन्हा न आणण्याचे मान्य करून प्रकरण मिटवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीचा एक नामवंत माजी खेळाडू आणि एक संघमालक यांनी मक्तेदारीचा आरोप करत ६८ कोटी डॉलरचा दावा लावला. पूर्वी या खेळाच्या स्पर्धांसाठी आयोजकांत चुरस होती, आता एकच दार उरले आहे, असा त्यांच्या तक्रारीचा रोख होता.

अशा इतर खरेदी : स्वीडनच्या एमटीजी या माध्यमसमूहाने जुलै २०१५ मध्ये ईएसएल या स्पर्धा आयोजक कंपनीची ७४ टक्के मालकी ७ कोटी ८० लाख युरोंना घेतली आणि त्याच वर्षी ड्रीमहॅक ही आयोजक संस्थाही घेतली. त्यात खरेदीदार खेळाचा मालक नव्हता, म्हणून या संस्था अनेक प्रकाशकांच्या खेळांच्या स्पर्धा भरवत राहिल्या. २०२२ मध्ये सौदी अरेबियाच्या सॅव्ही या समूहाने ईएसएल आणि फेसिट (स्पर्धा जुळवणारा ऑनलाइन मंच) मिळून १५० कोटी डॉलरना घेण्याची घोषणा केली. सहा वर्षांपूर्वीच्या एमएलजीच्या किमतीशेजारी हा आकडा ठेवला की दोन व्यवहारांमधील फरक कळतो. मार्च २०२१ मध्ये सोनीने भागीदारीत ईव्हो घेतली. व्हॉल्व्हने उलट दिशा धरली : २०२५ पासून काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धा आयोजकांनी संघांशी आर्थिक हितसंबंध न ठेवता, खुल्या प्रवेशाने भरवाव्यात असा नियम तिने २०२३ मध्येच जाहीर केला. तोही मालकाच्याच अधिकाराचा वापर, पण दार उघडण्यासाठी केलेला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डच ६,८७० कोटी डॉलरना विकत घेतली. पुढच्याच महिन्यात ओव्हरवॉच लीगच्या संघांनी प्रत्येकी ६० लाख डॉलर घेऊन बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले आणि लीग संपली. २०२४ च्या सुरुवातीला गेमबॅटल्सही बंद झाले. त्याच सुमारास ब्लिझर्डने ओव्हरवॉचच्या नव्या स्पर्धामालिकेचे काम बाहेरच्या आयोजकाला, म्हणजे ईएसएल आणि फेसिट यांच्या एकत्रित समूहाला, सोपवले.