फोनोच्या पेटीतला गव्हर्नर

मागच्या आठवड्यात एकच व्हिडिओ मला चार जणांनी पाठवला. शेताच्या बांधावर सुटकेससारखी काळी पेटी उघडी ठेवलीय, वर रेकॉर्ड फिरतेय, जुनं गाणं वाजतंय आणि खाली लिहिलंय की ना लाईट ना बॅटरी, ही फुकटची ऊर्जा कंपन्यांनी आपल्यापासून लपवून ठेवली. पाठवणाऱ्यांत माझा एक जुना विद्यार्थी पण होता, बारावी सायन्सवाला, म्हणून जरा जास्तच लागलं.

फुकट काही नाही रे बाप्पा. त्या पेटीला हँडल असतं, ते कोणीतरी फिरवलेलं असतं, व्हिडिओत नेमका तेवढा भाग कापलाय. माझ्याकडे अशा सहा पेट्या आहेत, पोर्टेबल ग्रामोफोन, आमच्या नवेगाव बांधकडचे म्हातारे लोक नुसतं फोनो म्हणतात. सहातल्या चार वाजतात. एकदा मी भाजीवाल्याचा हूकवाला काटा हँडलला अडकवून ओढून बघितला, दोनेक किलोचा जोर लागतो. हँडलची लांबी १० सेंटीमीटर, पूर्ण चावी भरायला साठेक फेरे, म्हणजे ढोबळ हिशोबाने ७५० ज्यूल. विहिरीतून १५ लिटरची भरलेली बादली ५ मीटर वर ओढायला एवढंच काम पडतं. एका बादलीच्या मेहनतीवर रेकॉर्डची एक बाजू वाजते, म्हणजे तीन मिनिटं, स्प्रिंग चांगली असली तर दुसरीही. खिशातल्या मोबाईलची ५००० एमएएचची बॅटरी याच्या नव्वद पट ऊर्जा घेऊन बसलेली असते. फुकट ऊर्जा दाखवायला याच्याहून चुकीचं यंत्र शोधून सापडणार नाही.

पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो त्या व्हिडिओखाली एकानेही विचारला नाही. स्प्रिंग पूर्ण भरलेली असते तेव्हा जोरात ओढते, सुटत आली की मरगळते, हे चावीचं खेळणं खेळलेल्या कोणत्याही पोट्ट्याला माहीत आहे, ती मोटार आधी सुसाट जाते आणि मग रडत रडत थांबते. मग त्याच स्प्रिंगवर चालणारं गाणं आधी चिरकं आणि शेवटी घोगरं का नाही होत? आणि गाण्याच्या बाबतीत सूट फार कमी असते बरं. रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेरे घेते, ती ८२.६ ने फिरली की सगळं गाणं हार्मोनियमच्या पांढरी एक पट्टीतून लगेच वरच्या काळी एकमध्ये जातं, म्हणजे जेमतेम सहा टक्के वेग वाढला की भजन मंडळाचा हार्मोनियमवाला कान टवकारतो.

याचं उत्तर मला पुस्तकाआधी आमच्या गावच्या ऑइल इंजिन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने दिलं. नागपुरात जुन्या सामानाच्या बाजारातून मी पहिली पेटी आणली होती, वाजायची पण दर दहा-पंधरा सेकंदांनी आतून धप्प आवाज यायचा आणि गाणं उचकी लागल्यासारखं अडखळायचं. म्हणून ती घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने चार स्क्रू काढले, मोटर उलटी धरली आणि हसायलाच लागला, "सर, ह्या त गव्हर्नर होय! आपल्या इंजिनात असते तोच. काऊन घाबरता?"

तर हा गव्हर्नर. पेन्सिलच्या अर्ध्या लांबीची एक सळई, तिच्याभोवती तीन पातळ पोलादी पात्या आणि प्रत्येक पातीच्या मधोमध बोरीच्या बोराएवढं शिशाचं वजन. पात्यांचं एक टोक सळईला पक्कं, दुसरं टोक एका चकतीला, आणि ही चकती सळईवर मागे-पुढे सरकू शकते. रेकॉर्ड ठेवायच्या थाळीपासून दातेरी चाकांनी ही सळई जोडलेली असते आणि ती थाळीच्या कितीतरी पट वेगाने गरगरते. फिरली की वजनं बाहेर जाऊ बघतात. गोफणीतला दगड हाताला कसा ओढतो ते आठवा, धान राखताना सगळ्यांनीच फिरवलीय. दगडाला खरं म्हणजे सरळ निघून जायचं असतं, दोरी त्याला वळवून धरते, इथे दोरीचं काम पात्या करतात आणि करता करता धनुष्यासारख्या वाकतात. पाती वाकली की तिची दोन टोकं जवळ येतात, एक टोक तर पक्कं आहे, मग दुसरं टोक चकतीला घेऊन सरकतं. सरकलेली चकती चामड्याच्या किंवा फेल्टच्या एका गादीला घासते. घासली की ब्रेक, वेग कमी झाला की वजनं आत येतात, चकती सुटते, ब्रेक ढिला. बस एवढंच आहे. पेटीवर वेग कमी-जास्त करायचा जो काटा असतो तो या गादीला पुढे-मागे करतो, दुसरं काही करत नाही.

लोकांना वाटतं की तो काटा म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. अजिबात नाही. पंख्याचा रेग्युलेटर पंख्याकडे बघत नसतो, मे महिन्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की कूलर कसा मुंगीच्या पावलाने फिरतो ते आपण भोगतोच, रेग्युलेटर पाचवर असूनही. गव्हर्नर मात्र प्रत्येक फेऱ्याला वेग स्वतः मोजतो आणि स्वतःच दुरुस्त करतो. ऑइल इंजिनवर मळणीयंत्राचा पट्टा चढवला की इंजिन क्षणभर दबतं आणि पुन्हा सावरतं, तिथे हेच चालू असतं, फरक एवढाच की इंजिनचा गव्हर्नर डिझेल कमी-जास्त करतो आणि फोनोचा गव्हर्नर मिळालेली ताकद सरळ घासून जाळून टाकतो.

हे जाळणं मला फार आवडतं. म्हणजे बघा, बनवणाऱ्याने मुद्दाम गरजेपेक्षा जास्त ताकदीची स्प्रिंग घातली आणि वरची ताकद उष्णता करून उडवून द्यायची सोय केली. स्प्रिंग भरलेली असताना जास्त उडवायची, सुटत आली की कमी, थाळीला मात्र कायम सारखंच मिळणार.

आता थोडं गणित, नको असेल त्याने पुढचा एक परिच्छेद सोडावा. वजनांची ओढ वेगाच्या वर्गात वाढते, वेग दुप्पट तर ओढ चौपट. समजा थाळी ७६ ला पोचली की चकती गादीला नुसती टेकते आणि ७८ ला हवा तेवढा ब्रेक लागतो. ७८ चा वर्ग ६०८४, ७६ चा ५७७६, फरक ३०८, हा झाला ब्रेकचा जोर. स्प्रिंग सुटत सुटत वरची ताकद निम्मी झाली तर ब्रेकही निम्माच पाहिजे, म्हणजे १५४. त्यासाठी वेगाचा वर्ग ५९३०, वर्गमूळ काढलं की ७७. जास्तीची ताकद निम्म्यावर आली आणि वेग गेला फक्त एका फेऱ्याने, पांढरी एक ते काळी एकच्या पाव अंतराइतकाही नाही. पण नीट बघितलं तर वेग अगदी तंतोतंत टिकत नाही, किंचित पडतोच, कारण ब्रेक कमी व्हायला आधी वेग कमी व्हावा लागतो. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर गोळ्यांचा गव्हर्नर बसवला तेव्हापासून ही खोड आहे, आणि १८६८ मध्ये जेम्स क्लर्क मॅक्सवेलने, हो तोच विद्युतचुंबकीय लहरींवाला, गव्हर्नरवर अख्खा शोधनिबंध लिहून असल्या पडत्या वेगाच्या यंत्रांना मॉडरेटर म्हणावं आणि जी वेग पूर्ण मूळपदावर आणतात त्यांनाच गव्हर्नर म्हणावं असं सांगितलं. त्याच्या हिशोबाने माझ्या पेटीत गव्हर्नर नाहीच. मिस्त्रीला मी हे सांगितलं नाही.

धप्प आवाज मात्र गव्हर्नरचा नव्हता. स्प्रिंगच्या डबीतलं जुनं ग्रीस सुकून लाखेसारखं घट्ट झालं होतं, स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटायचे आणि अचानक सुटायचे, तोच धप्प. ती डबी घरी उघडू नका, आत काही मीटर पोलादी पट्टी दाबून कोंबलेली असते, सुटली तर हात कापते. मिस्त्रीने जाड हातमोजे आणि पोत्याचा तुकडा घेऊन काढली, रॉकेलने धुतली, नवीन ग्रीस भरलं.

जमवणाऱ्यांसाठी थोडं. आपल्याकडे पोर्टेबल म्हटलं की एचएमव्ही कंपनीचं १०२ हे मॉडेल, १९३१ पासूनचं, त्याच्याआधी १९२५ चं १०१. काळं १०२ दुर्मिळ वगैरे नाही, लाल किंवा हिरवं मिळालं तर गोष्ट वेगळी. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी खंदकात नेला तो डेक्काचा पोर्टेबल १९१४ चा, भोंगा नाही, झाकणातल्या वाडग्यासारख्या भागावर आवाज आपटून बाहेर यायचा. आणि खरी दुर्मिळ म्हणावी अशी चीज मिकीफोन, १९२० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये बनलेली, मोठ्या खिशातल्या घड्याळासारखी गोल चपटी डबी. मी ती फक्त फोटोत पाहिलीय. घ्यायला जाल तेव्हा पेटीचं कातडं आणि कुत्र्याचं चित्र नंतर बघा, आधी चावी भरून कान लावा, खडखड येत असेल तर गव्हर्नरची एखादी पाती तुटलीय किंवा गादी कोरडी पडलीय, गादीला तेलाचा एक थेंब पुरतो. साउंडबॉक्सही बघा, म्हणजे सुई बसते ती आवाजाची गोल डबी, बऱ्याच जुन्या साउंडबॉक्सची ओतीव कडी जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि त्यात शिशाची जराशी भेसळ राहिली असेल तर काही वर्षांनी ती फुगते आणि पावसाळ्यातल्या मातीच्या भिंतीसारखी भेगाळते, त्याला इलाज नाही. चकाचक पितळी भोंग्याचा आणि खाली नव्या कोऱ्या लाकडी खोक्याचा "अँटिक" दिसला तर गुमान पुढे चला, त्यातली मोटर बहुतेक कोण्या बिचाऱ्या पोर्टेबलच्या पोटातून काढलेली असते.

आणि हो, गव्हर्नरच्या वजनात लाल पारा नसतो, म्हणजे करोडोंना विकला जातो अशी नुसती अफवा असलेला पदार्थ. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, मी पेटी घेऊन बसलो होतो, रात्रीच्या नाटकाला वेळ होता, तेव्हा दोघं जण बाजूला घेऊन हळूच विचारून गेले की वजनात लाल पारा असते का, किती द्याल. २००९ मध्ये सौदी अरेबियात हीच अफवा सिंगरच्या जुन्या शिलाई मशीनबद्दल उठली आणि लोकांनी त्या अव्वाच्या सव्वा भावाने घेतल्या. आपल्याकडे तांदूळ स्वतःकडे ओढतं अशी थाप मारून विकलेल्या तांब्याच्या भांड्यापायी शेती विकून बसलेले लोक आहेत. वजनं शिशाची असतात, भंगारवाला जो भाव देईल तो त्यांचा भाव.

रेकॉर्डमध्ये मात्र आपलं काहीतरी असतं. जुन्या ७८ च्या तबकडीत साधारण पाव हिस्सा लाख, बाकी दगडाची भुकटी आणि काजळी. लाख म्हणजे पळसावर, कुसुमावर, बोरीवर बसणाऱ्या किड्याचा स्राव, आमच्या गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात अजूनही काढतात. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला बनून यायच्या, कलकत्त्यात सियालदाहचा कारखाना १९०८ चा. म्हणजे लाख इथून बोटीने जायची आणि गाणं होऊन परत यायची. ती दगडाची भुकटी पोलादी सुईला घासून खाचेच्या आकाराची करते, म्हणून दर बाजूला नवी सुई लावायची, कंजूषपणा केला तर झिजलेली सुई खाच खाते. आणि पत्र्याच्या घरात मे महिन्यात रेकॉर्ड उभ्या तिरक्या ठेवल्या तर पापड होतो, माझ्या अकरा झाल्या.

वेग तपासायला पूर्वी ७७ काळ्या रेघांची गोल चकती रेकॉर्डवर ठेवायचे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, मिनिटाला ६०००, भागिले ७७ म्हणजे ७७.९. वेग बरोबर असला की दर लुकलुकीला पुढची रेघ आधीच्या रेघेच्या जागी येते, म्हणून रेघा जागेवर उभ्या दिसतात. मिस्त्रीच्या दुकानात आम्ही ही करामत करायला बसलो तर रेघा उभ्याच राहीनात, बराच वेळ गव्हर्नरला शिव्या घातल्या आणि मग लक्षात आलं की दुकानात नवीन एलईडी बल्ब आहे, चांगला एलईडी लुकलुकतच नाही. शेवटी रेकॉर्डखाली कागदाची चिठ्ठी दाबली आणि मिस्त्रीच्या पोराने मोबाईलचं घड्याळ लावून मिनिटभर मोजलं. ८१ आले. काटा थोडा मागे घेतला, चावी भरली, परत मोजलं, ७८.

"इंजिनपेक्षा बरं धरते," मिस्त्री म्हणाला आणि हात पुसून परत इंजिनकडे गेला.