कोग्गलाच्या कॅटलिना आणि ४ एप्रिल १९४२ चा वादग्रस्त संदेश

लंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, गॉलच्या थोडं पुढे, कोग्गला नावाचं खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे. युद्धाआधी पाण्यावर उतरणारी प्रवासी विमानं कराची, ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता असे टप्पे घेत सिंगापूरला जात, तेव्हा या सरोवराला कोणी विचारत नव्हतं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, ८ मार्चला रंगून गेलं, २३ मार्चला अंदमान. बंगालच्या उपसागराची पूर्वेची बाजू उघडी पडली आणि अख्ख्या महासागरावर नजर ठेवायचं काम कोग्गलातल्या मोजक्या कॅटलिनांवर, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या गस्ती विमानांवर, आलं.

कॅटलिना हे लढाऊ विमान नव्हे. १,२०० अश्वशक्तीची दोन इंजिनं, सुमारे ३२ मीटर पंखविस्तार, जोर लावला तरी वेग ताशी २८० किलोमीटरच्या आसपास. जपानी झीरो याच्या जवळजवळ दुप्पट वेगाचं. कॅटलिनाची खरी कमाई म्हणजे हवेत टिकण्याचे तास. पण ते तास वापरायचे तर पाण्यावरची कटकट सांभाळावी लागे. सरोवर आरशासारखं स्थिर असलं की भरलेली बोट (कॅटलिनाचा तळ बोटीसारखा, म्हणून हे नाव) पाणी सोडतच नाही, तळ चिकटून बसतो. मग लाँच पुढे पळवून लाटा उठवायच्या. उतरताना तर स्थिर पाण्याची उंचीच कळत नाही. आपटलं की तळाचे रिव्हेट उडतात. त्या भोकांत पेन्सिली ठोकून परत येणं हा विमानातल्या कर्मचाऱ्यांचा ठरलेला उपाय. किनाऱ्यावर ओढायचं तर माणसांनी पाण्यात उतरून बाजूंना सुटी चाकं जोडायची.

४ एप्रिलला पहाटेआधी निघालेली कॅटलिना कॅनडाच्या तुकडीची होती आणि लंकेत येऊन तिला जेमतेम दोन दिवस झाले होते. दुपारी चारच्या सुमारास, गस्त संपत आली असताना, लंकेच्या आग्नेयेला सुमारे साडेतीनशे मैलांवर दक्षिणेकडे क्षितिजावर ठिपके दिसले. गस्त लांबली होती ती स्वतःचं स्थान पक्कं करण्यासाठी. इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो पुढच्या काही मिनिटांवर. वैमानिकाने ठिपके दिसताच संदेश न पाठवता विमान त्यांच्या दिशेने वळवलं. जवळ गेल्यावर जपानी विमानवाहू जहाजांचा ताफा ओळखू आला, तेव्हा वायरलेसवर मजकूर गेला. नियमाप्रमाणे तो तीनदा पाठवायचा. तिसऱ्यांदा पाठवणं चालू असताना झीरोंच्या गोळ्यांनी संच फुटला. नऊपैकी तिघे मेले, सहा जण युद्धकैदी झाले.

आधी ‘अनोळखी जहाजं’ एवढंच कळवून लांबून पाठलाग करायचा होता, असं टीकाकार म्हणतात. कागदावर हे बरोबर दिसतं. पण त्या पाण्यात ब्रिटिशांचा स्वतःचा ताफाही वावरत होता. ठिपके कुणाचे हे न सांगणारा, स्थान, दिशा, वेग आणि जहाजांची संख्या नसलेला अहवाल कोलंबोत पोचून करणार काय? शिवाय एवढ्या जवळ वाहू जहाजं असली की त्यांची विमानं शोधायला येणारच; ताशी २८० किलोमीटरवाल्या बोटीला लांब राहून तरी कुठे पळता येणार होतं? दोष द्यायचाच तर तीनदा पाठवण्याच्या नियमाला आणि एकट्या बोटीवर एवढा पट्टा सोपवणाऱ्या योजनेला द्यावा.

या वैमानिकाला दिलेलं ‘लंकेचा तारणहार’ हे बिरुद मात्र जरा सैलच वापरलं जातं. हल्ला येणार हे आधीच ताडलेलं होतं. तो १ एप्रिलच्या सुमारास अपेक्षित होता. वाट पाहून ब्रिटिशांचा मुख्य ताफा ४ तारखेला दुपारी मालदीवच्या अड्डू बेटांवर पाणी आणि इंधन भरायला पोचला, आणि काही तासांतच कॅटलिनाचा संदेश आला. रात्रभर दुसऱ्या कॅटलिनांनी माग ठेवला, कोलंबो बंदरातून जहाजं बाहेर काढली गेली. एवढा वेळ मिळूनही ५ एप्रिलला, ईस्टरच्या सकाळी, कोलंबोजवळच्या रत्मलानाच्या धावपट्टीवरची ब्रिटिश हरिकेन लढाऊ विमानं बेसावध सापडली, शत्रू डोक्यावर आल्यावर उडाली. त्याच दुपारी ब्रिटिशांच्या दोन जड क्रूझर युद्धनौका बुडाल्या. बातमी वेळेवर आली होती. ती कंट्रोल रूमपासून धावपट्टीपर्यंत पोचवणारी यंत्रणा नव्हती.

पुढे कॅटलिनांचे तळ पसरले: मद्रासजवळचा रेडहिल्स तलाव, कराचीची कोरंगी खाडी, मालदीव, दिएगो गार्सिया. १९४३ पासून मलायातल्या पेनांगहून जर्मन पाणबुड्याही फिरू लागल्या होत्या.

याच सरोवराचा दुसरा उपयोग जून १९४३ मध्ये सुरू झाला. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ ते कोग्गला अशी विमानसेवा, सुमारे ५,६०० किलोमीटर, मध्ये कुठेही न थांबता. काम प्रवासी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांचं, विमानं पाच कॅटलिना. शस्त्रं, बर्फरोधक यंत्रणा, आतलं अस्तर, जे जे काढता येईल ते काढलं आणि टाक्या बसवल्या. सुमारे १६ टन वजनात ९,००० लिटर पेट्रोल, म्हणजे जवळपास साडेसहा टन. उरलेल्या जागेत तीन प्रवासी आणि ६९ किलो टपाल. पहिल्या काही तासांत एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर उंची राखणं अशक्य, म्हणून पेट्रोल ओतून टाकायची सोय केलेली. जपानी गस्तीच्या पट्ट्यातून रात्री जायचं, वायरलेस गप्प, वाट ताऱ्यांवरून काढायची. वाऱ्यावर अवलंबून २७ ते ३३ तास लागत, त्यामुळे प्रवासात दोनदा सूर्योदय दिसे. जुलै १९४५ पर्यंत २७१ फेऱ्या झाल्या आणि एकही विमान गमावलं नाही. नेहमीच्या मर्यादेपलीकडे सोळा टन वजन घेऊन उडण्याची सवलत धोक्याची म्हणणाऱ्यांना हा आकडा आवडत नाही, पण तो आहे.

तरी या मार्गाचं आयुष्य ठरलेलंच होतं. १९४४ मध्ये चार इंजिनांची, चाकांवर उतरणारी लिबरेटर विमानं याच वाटेवर आली. ती बरेच तास वाचवत आणि जास्त माणसं, जास्त टपाल नेत. कॅटलिना उसनवारी कराराखाली अमेरिकेकडून मिळालेल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्यांचे पैसे भरा, परत करा किंवा नष्ट करा, अशी अट होती. पाचही ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याबाहेर समुद्रात बुडवण्यात आल्या.