शपथपत्रातला जोडीदाराचा रकाना

उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना २६ या शपथपत्रात उमेदवाराशेजारीच पती किंवा पत्नीचा रकाना असतो. हातातली रोकड, बँकेतल्या ठेवी, शेअर, विमा, गाडी, दागिने (वजन आणि किंमत दोन्ही), शेतजमिनीचा सर्व्हे क्रमांक, कर्ज आणि मागच्या पाच वर्षांचे प्राप्तिकर विवरणपत्रातले उत्पन्न, एवढे सगळे त्यात येते. शपथपत्रावर सही मात्र एकट्या उमेदवाराची. जोडीदाराची संमती कुठेच लागत नाही आणि दाखल झालेले शपथपत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात सर्वांना दिसेल असे लावले जाते.

२००२ पर्यंत असे काहीच विचारले जात नव्हते. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या निवडणूक सुधारणांसाठी झटणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि उमेदवारासह जोडीदार व अवलंबितांची मालमत्ता जाहीर करायला लावली. सर्व पक्षांना ते जड गेले. ऑगस्टमध्ये अध्यादेश निघाला, पुढे कायदा झाला आणि लोकप्रतिनिधित्व कायद्यात घातलेल्या कलम ३३ब ने सांगितले की न्यायालयाचा किंवा निवडणूक आयोगाचा आदेश काहीही असो, कायद्यात नाही ती माहिती देण्याची गरज नाही. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केले.

जोडीदाराच्या खासगीपणाचा प्रश्न याच निकालात न्या. पी. वेंकटराम रेड्डी यांनी हाताळला. नवरा-बायको कायद्याने वेगवेगळे मालक असले तरी व्यवहारात ती मालमत्ता घराचीच मानतात आणि बायकोच्या नावावर बेनामी ठेवणे आपल्याकडे अपरिचित नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून मतदाराचा माहितीचा हक्क वरचढ ठरला. रकाना आला तो पैशाच्या संशयातून. संसार कसा चालला आहे हे तो विचारतच नाही. (गोव्यात मुद्दा आणखी वेगळा. तिथल्या पोर्तुगीजकालीन नागरी कायद्याने, वेगळा करार नसेल तर, पतिपत्नीची मालमत्ता सामाईकच असते आणि प्राप्तिकर कायदाही पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरत आला आहे.)

तरीही संसार कागदावर उमटतोच. बरेच जण नको तो रकाना कोरा सोडत. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ सप्टेंबर २०१३ च्या रिसर्जन्स इंडिया खटल्यातल्या निकालाने ती सोय संपली: अधिकाऱ्याने आठवण करून दिल्यावरही जागा रिकामी राहिली तर अर्ज फेटाळता येतो. ‘निरंक’, ‘लागू नाही’ किंवा ‘माहिती नाही’ यांपैकी काहीतरी लिहावेच लागते. गुजरात विधानसभेच्या निवडणुकांत नरेंद्र मोदी यांनी पत्नीची जागा कोरी ठेवली होती. एप्रिल २०१४ मध्ये वडोदऱ्याच्या अर्जात जशोदाबेन हे नाव आले आणि त्यांच्या मालमत्तेपुढे ‘माहिती नाही’ असे लिहिले गेले. वर्षानुवर्षे वेगळे राहणे म्हणजे घटस्फोट नव्हे. हुकूमनामा होईपर्यंत कायद्याने जोडीदार तो जोडीदारच. इथेच अनेकांची गफलत होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या लोकप्रहरी खटल्यातल्या निकालाने आकड्यांबरोबर जोडीदाराच्या उत्पन्नाचा स्रोतही मागितला आणि तो लपवणे हा भ्रष्ट आचार, म्हणजे निवड रद्द होऊ शकेल असा गैरप्रकार, ठरवला. खोट्या शपथपत्राला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पण मजकूर खरा की खोटा हे छाननीत तपासले जात नाही. निवडून आलेल्याविरुद्ध ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते.

गाडी हा त्यातला सर्वांत फसवा तपशील. अरुणाचलातील तेझूचे तेव्हाचे आमदार कारिखो क्रि यांची २०१९ ची निवड गुवाहाटी उच्च न्यायालयाने रद्द केली. एक कारण पत्नी आणि मुलाच्या नावावरची, शपथपत्रात न दाखवलेली तीन वाहने. ती आधीच दुसऱ्यांना देऊन झाली होती, आरटीओत नाव बदलायचे तेवढे राहिले होते. ९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवड कायम केली. कपडे, बूट, भांडीकुंडी, फर्निचर असली प्रत्येक जंगम वस्तू लिहायला नको, उमेदवारालाही खासगीपणा आहे, असे न्यायालय म्हणाले. साधी घड्याळे सोडली तरी चालतील, महागड्या घड्याळांचा संग्रह मात्र दाखवावा लागेल. ही सवलत मागायला उमेदवार न्यायालयात होता. जोडीदाराचा स्वतंत्र खासगी हक्क हा त्या खटल्याचा मुद्दाच नव्हता.