कोंडाण्याचं नाव लावणारा उंदीर

रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्याला देवटाक्याचं गार पाणी ठाऊक असतं, मडक्यातलं दही ठाऊक असतं. या गडाचं जुनं नाव लावणारा एक उंदीर आहे, हे मात्र नेमाने जाणाऱ्या पुणेकरालाही सांगावं लागतं. त्याचं शास्त्रीय नाव मिलार्डिया कोंडाना. १६७० साली तानाजी मालुसरे पडले आणि कोंडाण्याचा सिंहगड झाला, असं आपण शाळेपासून ऐकतो. (‘सिंहगड’ हे नाव त्याआधीच्या पत्रांतही येतं म्हणतात, पण तो वाद इतिहासवाल्यांनी घालावा.) रोजच्या बोलण्यातून मागे पडलेला हा ‘कोंडाणा’ १९७५ साली प्राणिशास्त्रात रुजू झाला, तोही उंदराच्या पाठीवर बसून.

या जातीचं वर्णन मिश्रा आणि धांडा या दोघांनी केलं. दोघंही पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले. १९५२ साली सुरू झालेलं हे केंद्र म्हणजेच आजची एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. विषाणूवाल्यांना उंदीर कशाला हवा? १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने फणफणली. हा विषाणूचा आजार गोचिडीतून पसरतो, आणि गोचिडीची पिल्लं उंदरांसारख्या लहान प्राण्यांच्या रक्तावर पोसली जातात. त्यामुळे उंदीर पकडायचा, त्याच्या अंगावरच्या गोचिडी-पिसवा वेचायच्या आणि उंदराची जात नेमकी ठरवायची, हा अशा संशोधनातला रोजचा उद्योग. तसं पुण्याला हे अगदीच नवं नव्हतं. १८९७ च्या प्लेगात ‘घरात उंदीर पडला’ एवढे तीन शब्द ऐकले की माणसं गाव सोडत. त्यात पिसवेचा हात आहे हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने पुढच्याच वर्षी कराचीत दाखवलं.

‘मिलार्डिया’ हे या उंदराचं आडनाव म्हणा. ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्यावरून १९११ साली ठेवलं गेलं. या कुळाची खूण म्हणजे मऊ, दाट केस. कोंडाण्याच्या उंदराचा एक धाकटा भाऊ आपल्या काळ्या रानात सगळीकडे असतो. धारवाड भागात नोकरी केलेल्या वॉल्टर इलियट या इंग्रज अधिकाऱ्याने वडारांकडून त्याचं नाव ‘मेत्ताडे’ असं टिपून घेतलं. त्याची नोंद मला फार आवडते. हा उंदीर बीळ खणायचा कंटाळा करतो, झुडपाच्या मुळाशी जेमतेम उकरतो, बांधावरच्या दगडांत राहतो, नाहीतर उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांमध्येच संसार मांडतो. पहिला पाऊस आला की भेगा मिटतात आणि उंदीर आतल्या आत चेंगरून मरतात. १८२६ साली सुरुवातीचा पाऊस ओढला, भेगा उघड्याच राहिल्या, आणि उंदीर इतके माजले की पेरलेलं बी उगवू दिलं नाही.

सिंहगडावरचा हा थोरला भाऊ अंगाने मोठा, बिळात राहणारा, रात्री बाहेर पडणारा. गवत, पाला, बिया हे त्याचं खाणं. पण त्याचं रान केवढं, तर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवरचा, जेमतेम एक चौरस किलोमीटरचा माथा. वर्णन झाल्यावर कित्येक वर्षं त्याचा जगातला पत्ता एवढाच होता. चराई, तुटणारं झुडूप आणि सुट्टीच्या दिवशीची गर्दी, सगळं याच माथ्यावर.

कायद्याची गंमत तर वेगळीच. केंद्र सरकारच्या यादीत हा अतिसंकटग्रस्त. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात ‘उपद्रवी’ म्हणून सरसकट उंदीर होते, कावळ्याशेजारी. जात कुणी विचारली नाही. म्हणजे दुर्मीळही तोच आणि मारायला मोकळाही तोच. उपद्रवी प्राण्यांचं ते परिशिष्ट २०२२ च्या दुरुस्तीत गेलं.

मागे एकदा कल्याण दरवाज्याकडे गवताच्या बुंध्याशी दोन बोटं जातील एवढं बीळ दिसलं. तोंडाशी चहाच्या भुकटीसारखी ताजी माती. नुसतं बीळ बघून जात सांगता येत नाही, त्यामुळे फोटो काढून पुढे निघालो. भाकरी थापणाऱ्या मावशींना विचारलं, “मावशी, इथे उंदीर दिसतात का हो?”

“दिसतात का?” त्या म्हणाल्या. “पिठाच्या डब्यावर धोंडा उगाच ठेवलाय होय?”

तो कोणता उंदीर, हे विचारायचा धीर झाला नाही.